तुझं पाव डॉलर

अरविंदा,

शवागारात तुझ्या तोंडात मी तुझं ते पाव डॉलरचं नाणं ठेवलं, तेव्हा ते सोन्याचं आहे की पितळेचं हे मला माहीत नव्हतं. वहिनींनी सोनं घालायला सांगितलं होतं, तेही विकतचं नको म्हणून. आम्हा मुसलमानांत पुरुषांना सोनं वर्ज्य, त्यामुळे माझ्या अंगावर गुंजभरही नसतं. आणि तुझ्या मागे कुवेतच्या खोलीत पिवळं म्हणून जे काही राहिलं, ते हे एवढंच. त्यावरून आपण वर्षानुवर्षं भांडत आलो. तू म्हणायचास खरं, मी म्हणायचो पितळ. भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास आणि निकाल लागायच्या आत ते तुझ्या दातांमागे सरकवायची पाळी माझ्यावर आणलीस. तुला हे शोभलं नाही, एवढं आधी सांगून टाकतो.

आपल्या लोकांच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल बरंच काही आलं. मनमिळाऊ, हसतमुख, कुणाच्याही हाकेला धावणारा. मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मनमिळाऊ माणूस एका कप चहावर अख्खी दुपार भांडत बसतो काय? तू हट्टी होतास, आणि त्याला मिरजेच्या पाण्याचा गुण म्हणायचास. हॉस्पिटलच्या लॅबमधला टेक्निशियन, पण मिरकाबच्या गल्लीत सगळे तुला डॉक्टर म्हणत आणि तू एकदाही कुणाची चूक सुधारली नाहीस. उलट लोकांना गोळ्या सुचवायचास. त्या वेळी तुझ्या चेहऱ्यावर जो भारदस्तपणा यायचा तो मला फार आवडायचा. हे तुला सांगायचं राहिलं.

तू माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा आलास तेव्हा घड्याळ घेऊन आला नव्हतास. पट्टा नको, बॅटरी नको. काउंटरवर कोपर टेकून म्हणालास, “ते डोळ्यात घालायचं भिंग जरा बघू दे की.”

“विकायला नाही,” मी म्हटलं.

“विकत कोण मागतंय? बघतो आणि देतो.”

खिशातून तू कापसात गुंडाळलेली प्लास्टिकची चपटी डबी काढलीस. आत एक सोन्याचं नाणं, कडा थोड्या झिजलेल्या. भिंग लावून तू इतका वेळ बघत बसलास की मागे उभं असलेलं गिऱ्हाईक निघून गेलं. मग भिंग माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, बघ. मी बघितलं. एका बाईचं डोकं, भोवती चांदण्या, आणि खाली कुठल्या तरी पेढीचं नाव. देशाचं नाव असायला हवं तिथे पेढीचं नाव, हे मला विचित्र वाटलं आणि मी तसं बोललो. तिथे मी फसलो. तो प्रश्न विचारला नसता तर पुढची एवढी वर्षं तू माझं डोकं खाल्लं नसतंस.

मग तू स्टूल ओढलंस. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा सरकारची टाकसाळ देशाच्या दुसऱ्या टोकाला होती. लोकांच्या थैलीत सोन्याची पूड, आणि दुकानात द्यायला नाणं नाही. तेव्हा तिथल्याच पेढीवाल्यांनी आणि सोनं पारखणाऱ्यांनी आपापले छाप कोरले आणि आपापली नाणी पाडली. कुणाचं वजन चोख, कुणी हात मारलेला. सुट्ट्या पैशांची तर इतकी टंचाई की पाव डॉलरसुद्धा सोन्याचं पाडलं, नखाएवढं. पुढे सरकारी टाकसाळ जवळ आली आणि लोकांनी ही खासगी नाणी नेऊन वितळवून टाकली.

“म्हणून तर कमी राहिली बघ. लबाडाची पण गेली आणि प्रामाणिकाची पण गेली. कुणी कुठं कोनाड्यात विसरला, तेवढीच राहिली.”

“आमच्या राजापुरात असं कुणी नाणं पाडलं असतं तर पोलिसांनी कॉलर धरून नेलं असतं,” मी म्हटलं.

“तिथं पोलीसच नव्हते की लका.”

तुझ्याकडे ती खरी नाणी फार नव्हती. जी होती ती दर सुट्टीला एकेक करून मिरजेला नेलीस आणि वहिनींच्या कपाटात ठेवलीस. नवीन काही घेतलंस की आधी माझ्याकडे यायचास, जणू मुलीला स्थळ आलंय आणि मी वडीलधारा. मी घड्याळजी माणूस. चाकं, स्प्रिंगा, चावी यापलीकडे मला काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण तुझ्यामुळे मी कडा बघायला शिकलो, छाप कुठे उथळ पडलाय ते बघायला शिकलो. मयत माणसाचे आभार मानायची आमच्याकडे रीत नाही, त्याच्यासाठी दुआ करतात. तरी मानतो.

मग ते पाव डॉलर आलं. शुक्रवारच्या बाजारात आपण गेलो होतो, मला जुन्या टेबलावरच्या घड्याळाचे सुटे भाग हवे होते म्हणून. एका इराणी म्हाताऱ्याच्या ट्रेमध्ये बटणं, सेफ्टीपिना, कानातले, तुटके ब्रोच. तू त्यात बोट फिरवत होतास आणि अचानक तुझं बोट थांबलं. आठ कोनांचं, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, वर एक कडी जोडलेली. कुणा बाईने साखळीत ओवून घातलेलं असणार. म्हातारा म्हणाला अहमदीतल्या जुन्या बंगल्यांमधलं सामान आहे, ऑइल कंपनीचे गोरे लोक सोडून गेले ते. तू घासाघीस न करता घेतलंस. तिथेच मला समजलं की गडी कामातून गेला.

दुकानात येऊन भिंगाखाली धरलं. एका बाजूला बाईचं डोकं, दुसऱ्या बाजूला पानांची माळ आणि मध्ये पाव लिहिलेलं. तू समजावलंस की खऱ्या नाण्यावर पुढे डॉलर हा शब्द असतो, आणि नंतर हौशी लोकांसाठी पितळेची जी खोटी पाडली त्यांवर तो नसतो. आणि नेमका त्या जागी कडी चिकटवणाऱ्याने जोडाचा थेंब सांडून ठेवला होता. शब्द खाली आहे की नाही, देव जाणे.

“दे इकडे. कडी काढतो,” मी म्हटलं.

“हात लावायचा नाही. ताप दिलास की नाणं गेलं.”

“मग कस लावून बघू.”

“चरा पडेल.”

“सोनाराकडे मशीन असतं. त्यात ना ताप ना चरा. समोरच्या गल्लीत जाऊन येऊ.”

तेव्हा तू जे म्हणालास ते मी विसरलेलो नाही. “अन्वर, दिवसभर लोकांचे रिपोर्ट काढतो मी. कुणाचं काय निघालं, कुणाचं काय. माझी एक तरी गोष्ट बिनरिपोर्टची राहू दे की. हे खरं आहे. मला दिसतंय.”

“ता पितळ हाय,” मी म्हटलं. रागावलो की माझी राजापूरची बोली बाहेर येते, हे तुला ठाऊक होतं आणि तू मुद्दाम ती बाहेर काढायचास.

तिथून आपलं शुक्रवारचं ठरून गेलं. मी जुम्याची नमाज करून यायचो, दुकानाचं शटर अर्धं वर करायचो आणि तू हजर. थंडीच्या दिवसांत आपण दस्मानला समुद्राकडच्या बाकावर जायचो. कागदी कपात करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा आणि मध्ये ते नाणं. तू नवीन पुरावा आणायचास. बाईच्या केसांची बट अशीच वळलेली असते, खोट्यात ती चपटी पडते. मी म्हणायचो, बट कसली, माशी बसलीय. तू म्हणायचास, या छापाची नाणी पाडणारा एक फ्रेंच होता, त्याच्या हाताची ही लकब आहे. मी म्हणायचो, तुझ्या आजोबाचा दोस्त होता काय? एकदा तू इतका चिडलास की चहा अर्धा टाकून उठून गेलास. पुढच्या शुक्रवारी आलास तेव्हा दोघांनीही तो विषय नसल्यासारखा पुन्हा पहिल्यापासून काढला.

अहमदीला नेलंस ते आठवतं का? नाणं ज्या घरातून आलं ते घर शोधायचं म्हणून. मी गाडी चालवत होतो आणि तू शेजारी ते मुठीत धरून. जुन्या बंगल्यांच्या रांगा, कुंपणाला मेंदीसारखी झाडं, एवढ्या वाळवंटात कुणी लावली कुणास ठाऊक. प्रत्येक फाटकापाशी गाडी हळू करायला लावायचास. एका बंगल्याजवळ म्हणालास, थांब, हाच. का हाच, तर त्याच्या व्हरांड्यात झोपाळ्याच्या कड्या लटकत होत्या. तू उतरून फाटकाशी उभा राहिलास. तुझ्या मनात एक बाई तयार झाली होती. तिची पणजी त्या सोन्याच्या धांदलीत कॅलिफोर्नियात पोचली, हे नाणं तिला कुणी दिलं, तिच्या लेकीने त्याला कडी लावली, आणि नात नवऱ्याबरोबर इथे तेलाच्या गावाला आली आणि जाताना विसरून गेली. तू हे इतकं मन लावून सांगितलंस की पहारेकरी बाहेर येऊन काय पाहिजे विचारू लागला. मी त्याला सांगितलं, या माणसाची एक नातेवाईक इथे राहायची. परत येताना तू गाडीभर हसलास. तुला तसं हसताना मी त्यानंतर क्वचितच पाहिलं.

कारण दुसरं भांडण लवकरच सुरू झालं.

तुझ्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडायला लागली. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मी पट्ट्याला एक भोक पाडून दिलं, मग आणखी एक. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, “अरविंदा, तुला काहीतरी झालंय. रक्त तपास.”

“काय झालेलं नाही. खोलीत एकटा, हातचं जेवण. वजन उतरणारच.”

“तुझीच लॅब आहे. स्वतःच्या हाताने काढ आणि स्वतः बघ.”

“मला काही झालेलं नाही म्हटलं ना.”

त्या उन्हाळ्यात तुझे डोळे पिवळे दिसले. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात मला वाटलं भास आहे, म्हणून तुला फुटपाथवर उन्हात उभा केला. पिवळेच होते. मी त्या दिवशी तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं नाण्याला भितोस ते समजलं, रक्ताला पण भितोस काय? तू म्हणालास, “उन्हाळा आहे, अन्वर. उन्हाने होतं.” लोकांच्या काविळीचे रिपोर्ट ज्याच्या हाताखालून गेले तो माणूस मला ऊन सांगत होता. मी शटर ओढलं आणि तुला बाहेर ठेवलं. पुढच्या शुक्रवारी तू आलास, नेहमीच्या वेळेला, नाणं काढलंस आणि म्हणालास, बटेकडे नीट बघ. मी बघितलं. काय करणार.

तुझ्याच हॉस्पिटलात तुला भरती केलं तेव्हा वेळ निघून गेली होती, हे मला तिथल्या सिस्टरने सांगितलं. ती लातूरची. तुझ्याजवळ बोलताना ती हसायची आणि बाहेर येऊन डोळे पुसायची. वहिनी मिरजेला, तुझ्या आईला एकटं टाकून निघता येईना, व्हिसाचीही खटपट चालू. ओंकार पुण्याला. तो रोज व्हिडिओवर यायचा आणि इंग्रजीत विचारायचा, “बाबा, हाऊ आर यू फीलिंग?” आणि तू मराठीत म्हणायचास, ठणठणीत. नळ्या दिसू नयेत म्हणून फोन मी धरायचो, तुझ्या तोंडाजवळ.

एका दुपारी तू उशीखालून नाणं काढायला सांगितलंस. हातात भिंग धरवत नव्हतं, म्हणून मी धरलं. तू बराच वेळ बघितलंस.

“आता तरी तपासू दे,” मी म्हटलं.

“मी गेल्यावर काय ते कर.”

ते मला तुझं शेवटचं नीट ऐकू आलेलं वाक्य. त्यानंतर तू फक्त वहिनींना हाका मारल्यास.

तू गेलास त्या सकाळी मी दुकानातच होतो. सिस्टरचा फोन आला. मग कागद. मंदूब म्हणजे हॉस्पिटलचा कागदपत्रांचा माणूस, तो तुझा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागत होता, वकिलातीचा कागद, विमानाच्या मालवाहू खात्याचा कागद. माणूस मेला की तो सामान होतो, हे मी त्या दोन दिवसांत शिकलो. इथे तुम्हा लोकांना जाळायची सोय नाही, त्यामुळे तुला पेटीतून जायचं होतं, आणि पेटी कधी सुटेल ते कुणी सांगेना.

वहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, “भाऊजी, एक काम कराल का? यांच्या मुखात तुळस, गंगाजल आणि सोनं जायला हवं. इथे पोचेपर्यंत फार उशीर होईल. तुम्ही घालाल का?”

“घालतो, वहिनी. सोन्याची दुकानं इथेच आहेत. मणी घेऊन येतो.”

“विकतचं नको. त्यांचं ते नाणं असेल ना खोलीत? तेच घाला.”

 काय बोलणार होतो? नवरा गेलेल्या बाईला सांगणार होतो की वहिनी, ते पितळ आहे असं माझं मत आहे? हो म्हटलं आणि तुझ्या खोलीवर गेलो. हॉस्पिटलातून परत आलेल्या तुझ्या नेहमीच्या शर्टाच्या खिशात ते होतं.

गंगाजल सिस्टरकडे होतं, लहानशा बाटलीत. तुळस मिळेना. मी भाजीवाल्याकडून रेहानची, म्हणजे सब्जाच्या पानांची, जुडी आणली, वास तसाच येतो म्हणून. सिस्टर म्हणाली, “ही तुळस नव्हं, दादा.” पुन्हा वहिनींना फोन. त्या म्हणाल्या, “चालेल. तिचीच बहीण.”

शवागारातला माणूस मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता, माझ्यापेक्षाही म्हातारा. त्याने तुला बाहेर ओढलं. हनुवटीला पट्टी बांधलेली होती, ती त्याने सैल केली. तरी दात घट्ट. ओठ इतके गार की माझी बोटं दचकली. मी खिशातून चिमटा काढला, ज्याने घड्याळाची चाकं उचलतो तो. नाणं चिमट्यात धरून गालाच्या कडेने आत सरकवलं. मिसरी म्हातारा वाकून बघत होता. त्याने विचारलं, “ज़हब?” म्हणजे सोनं का. मी म्हटलं, “ज़हब.” आयुष्यभर पितळ पितळ म्हणून ओरडलो आणि तुझ्या तोंडाशी उभं राहून एका परक्या माणसाला सोनं म्हणून सांगितलं.

रेहानचं पान ठेवलं, पाण्याचे थेंब सोडले. पुढे काय म्हणायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून कुणी गेल्याचं कानावर आलं की आमच्यात जे म्हणतात तेच म्हटलं. आपण सगळे त्याचे आणि त्याच्याकडेच परत जायचं, एवढाच त्याचा अर्थ. तुला चालत नसेल तर ये भांडायला.

तुझी पेटी विमानाने गेल्यावर दुकानात बसलो तरी डोळ्यासमोर तोच प्रश्न. वहिनींनी माझ्यावर विश्वास टाकून सोनं मागितलं. मी पितळ दिलं असेल तर तुझं काय होतं, तुमच्या शास्त्रात त्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. पण एका बाईने नवऱ्याचं शेवटचं काम सांगितलं आणि ते मी खोटं केलं, एवढं मला समजत होतं. गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून बसायचो आणि कुठला स्क्रू कुठला ते विसरायचो.

मिरजेला तुला कृष्णाघाटावर अग्नी दिला. अस्थी गोळा करायच्या दिवशी ओंकारचा फोन आला, घाटावरूनच. मागे लोकांचे आवाज येत होते.

“अंकल, राखेत काहीतरी सापडलंय. लाइक अ बीड. मिऱ्याएवढं. ते कॉइन असेल का?”

“कसं दिसतंय?”

“ब्लॅक.”

सोनं आगीत काळं पडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कडीचा जोड कशाचा होता कुणास ठाऊक, तो जळून वर बसला असेल. मी अशी माझीच समजूत घालत होतो.

“आय कॅन गेट इट टेस्टेड,” तो म्हणाला. “इथे मार्केटमध्ये सोनार आहे. टेन मिनिट्स.”

अरविंदा, ज्यासाठी मी तुझ्यामागे लागलो होतो ते तुझा मुलगा हातावर ठेवून विचारत होता आणि आता मलाच ते नको झालं. पितळ निघालं तर वहिनींना कळणार. मी म्हटलं, “राहू दे, बाळ. तपासायला नको. राखेबरोबर पाण्यात सोड.”

 तो पहिल्यांदाच सरळ मराठीत बोलला. “बाबा पण असंच म्हणायचे, अंकल. तपासायला नको. मी फोनवर त्यांचे डोळे बघितले होते. मी विचारलं होतं.”

 “तपास,” मी म्हटलं. “आणि जे निघेल ते आईला सांग. काय बोलायचं ते मी बोलेन.”

दुसऱ्या दिवशी वहिनींचाच फोन आला. मी दुकानाचं शटर खाली घेतलं आणि स्टुलावर बसलो.

“भाऊजी, ते पितळच होतं,” त्या म्हणाल्या.

“सोनाराने सांगितलं?”

“ओंकारला मी जाऊच दिलं नाही. मला ठाऊक होतं. यांनी घेतलं त्याच आठवड्यात लॅबच्या काट्यावर पाण्यात धरून तोललं होतं. मला फोन केला, म्हणाले, पितळ निघालं गं. आणि म्हणाले, अन्वरला सांगू नकोस. मी त्याला खरं आहे म्हणून सांगितलंय, तो खोटं म्हणतोय. आता शुक्रवारी मला जायला जागा झाली.”

 एवढे शुक्रवार. केसांची बट. तो फ्रेंच माणूस. अहमदीचं फाटक.

“मग वहिनी, तुम्ही मला तेच का घालायला लावलंत?”

“सोनं मी घातलं हो इथे. पेटी उघडल्यावर, माझ्या मंगळसूत्रातला सोन्याचा मणी. पण तिकडे त्या थंड खोलीत ते एकटे होते. त्यांच्याजवळ त्यांच्या आवडीचं काही असावं, असं वाटलं.” मग म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेतलंत का, भाऊजी? मी आधीच सांगायला हवं होतं.”

मी म्हटलं, नाही, नाही. मग एक गोष्ट मनात आली आणि ती मला दाबून ठेवता आली नाही. जो माणूस नखाएवढं नाणं आठवडाभर न तपासता ठेवू शकला नाही, तो स्वतःचं रक्त तसंच सोडेल काय? मी विचारलं, “वहिनी, आणि रक्त? ते तपासलं होतं त्याने?”



“घड्याळाला पहिलं भोक पाडून घेतलंत ना तुमच्याकडून, त्याच्या आधीच,” त्या म्हणाल्या. “स्वतःच काढलं आणि स्वतःच बघितलं. डॉक्टरांना पण दाखवलं. उपाय नव्हता म्हणाले. मी म्हटलं या निघून. तर म्हणाले, येऊन खाटेवर पडून राहण्यापेक्षा हात चालतायत तोवर कामावर असू दे. आणि तेही तुम्हाला सांगू नको म्हणाले होते.”

त्या आणखी बोलत होत्या. मी ऐकत नव्हतो. शटरच्या खालच्या फटीतून फुटपाथ दिसत होता, जिथे मी तुला उन्हात उभा करून डोळे तपासले होते आणि तू मला उन्हाची गोष्ट सांगितली होतीस. तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं.

दोन्ही भांडणांत मीच बरोबर निघालो, अरविंदा. एका तरी भांडणात तू जिंकायला हवं होतंस.